मॅक घेऊ का? विचारायला येण्याआधी हे वाचा

आमच्या काउंटरवर सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "व्हिडिओ एडिट करताना लॅपटॉप अडकतो. विंडोज सोडून मॅक घेऊ का?" विचारणारे बहुतेक हौशी. कुणी ट्रेकचे व्हिडिओ करतं, कुणी मंडळाच्या आगमनाचे, कुणाला नातवाच्या बारशाची फिल्म नातेवाइकांना पाठवायची असते. एकाला समजावेपर्यंत मागे चार जण खोळंबतात, म्हणून हा कागद छापला.

आधीच सांगून टाकतो, आम्ही मॅक (अ‍ॅपलचे कॉम्प्युटर) विकत नाही. असेंबल्ड पीसी, एसएसडी, रॅम आणि दुरुस्ती हा आमचा धंदा. "हे विंडोजचीच बाजू घेणार" असं कुणी म्हटलं तर राग नाही. तरी पुढे वाचा.

अडतंय कुठे?

बहुतेक वेळा फोनच्या फाइलवर. २०१७ साली आयओएस ११ आल्यापासून आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी या प्रकारात साठवतो. फाइल लहान होते, पण ती उलगडायला कष्ट पडतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, एवढंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. व्हिडिओ नुसता बघताना हे जाणवत नाही. टाइमलाइनवर (एडिट करताना क्लिप ओळीने मांडतात त्या पट्टीवर) मागेपुढे करायला लागलात, की प्रत्येक झटक्याला मशीन तो हिशेब पुन्हा मांडतं.

नव्या प्रोसेसरमध्ये या कामाला वेगळी सोय असते. अ‍ॅपलच्या एम-१ पासूनच्या चिपमध्ये (नोव्हेंबर २०२०) ती आहे, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये सातव्या पिढीपासूनही आहे. चौथ्या पिढीच्या जुन्या इंटेल आय-५ मध्ये नाही. मित्राच्या मॅकवर तीच क्लिप सरसर चालते ती यामुळे. मॅक आहे म्हणून नव्हे, नवा आहे म्हणून.

मशीन न बदलताही मार्ग आहे: प्रॉक्सी. म्हणजे क्लिपची हलकी प्रत काढायची, एडिट तिच्यावर करायचं, शेवटचा व्हिडिओ मात्र मूळ क्लिपमधूनच निघतो. प्रीमियर प्रो आणि दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. रात्री लावून झोपा, सकाळी तयार. आणि एक्स्टर्नल डिस्क काळ्या यूएसबी पोर्टला लावली असेल तर काढून निळ्याला लावा. बहुतेक मशीनवर काळं म्हणजे जुनं यूएसबी २.०. हसू नका, निम्मी तक्रार तिथेच मिटलेली पाहिली आहे.

काही मशीनवर मात्र आम्हीच पैसे घालू देत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप घेऊन कुणी रॅम वाढवायला आलं, तर आम्ही परत पाठवतो. नवं घ्यायचंच आहे, तर मग मॅकचा विचार जरूर करा.

मॅक कुणी घ्यावा

ज्याचं शूटिंग आयफोनवर, ज्याला खोलीत पंख्याचा आवाज नको आणि ज्याला फायनल कट प्रो हे अ‍ॅपलचं एडिटिंग सॉफ्टवेअर शिकायचंय, त्याने खुशाल घ्यावा. फायनल कट प्रो विंडोजवर मिळतच नाही. पण रॅम विकत घेतानाच ठरवा. ती चिपसोबतच असते, नंतर आम्ही काय, कुणीच वाढवून देणार नाही. स्टोरेजचंही बहुतेक मॅकमध्ये तेच. आयफोनचं ४के शूटिंग, सेकंदाला ३० फ्रेम ठेवल्या तर, मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतं, म्हणजे तासाला दहा जीबी. एक गणेशोत्सव शूट केलात की २५६ जीबीची घुसमट सुरू. बाहेरची एसएसडी लागणारच. ती आमच्याकडे आहे, लॅमिंग्टन रोडच्या भावात, आणि डब्यातून काढून तुमच्यासमोर स्पीड दाखवून देतो.

दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विंडोजवरही चालते आणि मॅकवरही. नक्की ठरत नसेल, तर आधी आहे त्या मशीनवर महिनाभर ती वापरून बघा. पुढे मॅक घेतलात तरी हात बसलेला राहील, फक्त कंट्रोलऐवजी कमांड दाबायची सवय करावी लागेल.

ज्या एका चुकीत आमचा आणि तुमचा दिवस जातो

मागच्या वर्षी एक काका नवा मॅक आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन आले. प्रोजेक्ट उघडला तर सगळी टाइमलाइन लाल. 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे क्लिप सापडत नाहीत. पेन ड्राइव्हवर एकच फाइल, काही शे केबीची. "अहो, अर्ध्या तासाची फिल्म आहे, सगळं यातच आहे," काका म्हणाले. जुना लॅपटॉप त्यांनी आदल्या रविवारी फॉरमॅट करून भाच्याला दिला होता.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. कुठली क्लिप कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि ती कुठे कापायची, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. पाककृतीची वही, वाणसामान नव्हे. काकांच्या क्लिप शेवटी तिघांच्या फोनमधून गोळा केल्या. त्यातल्या काही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या, म्हणजे आधीच चेपलेल्या. चार दिवस गेले आणि बारशाची फिल्म बाळ रांगायला लागल्यावर पूर्ण झाली.

म्हणून प्रीमियरवाल्यांनी फाइल मेनूतला प्रोजेक्ट मॅनेजर उघडून 'कलेक्ट फाइल्स' करावं. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये बसलेला असतो, साधी फाइल शोधाल तर सापडणारच नाही. तिथे प्रोजेक्ट मॅनेजरमधून 'प्रोजेक्ट आर्काइव्ह' काढा. दोन्हींत क्लिपसकट सगळं एका फोल्डरमध्ये येतं. ते ज्या डिस्कवर घ्याल ती एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता-लिहिता येणारा फॉरमॅट) असू द्या. विंडोजची नेहमीची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. आणि डिस्क एक्सफॅट करणं म्हणजे फॉरमॅट करणं, आतलं सगळं जातं. आधी रिकामी करा.

मराठी टायटलचीही एक वेगळी गंमत आहे. जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये 'शुभविवाह' टाइप केला असेल आणि तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल, तर पडद्यावर भलत्याच अक्षरांचा काला दिसतो. टायटल युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत) पुन्हा टाइप करा. प्रीमियरमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन' करा.

आमची पद्धत

जुनं मशीन एक्सचेंजमध्ये घेतलं तरी आम्ही ते पंधरा दिवस फॉरमॅट करत नाही. काही जण वैतागतात, "त्यात काही नाही हो, उडवा" म्हणतात. आम्ही उडवत नाही. त्या पंधरा दिवसांत तुमचं किमान एक जुनं काम नव्या मशीनवर उघडून, शेवटपर्यंत चालवून बघा. अर्धवट राहिलेली फिल्म मात्र जुन्याच मशीनवर पूर्ण करा, मग बदला.

पाहणीचे ३०० रुपये घेतो, खरेदी किंवा दुरुस्ती केलीत तर ते बिलातून वजा. फुकट का नाही, असं विचारतात. कारण आम्ही तुमचीच क्लिप, तुमच्याच टाइमलाइनवर, तासभर बसून चालवून बघतो, आणि निम्म्या वेळा सांगतो की काही घेऊ नका.

येताना अडकणारी क्लिप मूळ फाइल म्हणून आणा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको. गणपतीआधीच्या पंधरवड्यात वेळ विचारूनच या. आणि लॅपटॉपचा चार्जर आणा. बॅटरीवर बरेचसे लॅपटॉप आपला वेग स्वतःच कमी करतात, तशा चाचणीतून काहीच कळत नाही.