पचनमार्गातील वेदना : प्रायोगिक अभ्यासपद्धती

अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत कोठेही मोजूनमापून उद्दीपन देऊन त्यातून उठणारी वेदना अभ्यासण्याच्या पद्धती. त्वचेसाठी टोचणे, चिमटणे, चटका देणे पुरते. आतड्याचे तसे नाही : शुद्धीवरील रुग्णाचे आतडे कापले तरी त्याला सहसा कळत नाही, तेच वायूने तट्ट फुगले की तो गडबडा लोळतो.

या विसंगतीवरील वाद विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. स्वीडिश शस्त्रवैद्य लेनान्डर यांनी स्थानिक भुलेखालील शस्त्रक्रियांवरून असे मांडले, की वेदना आतड्यात उपजतच नाही. पोटाच्या भिंतीचे अस्तर (पर्युदर) ओढले गेले तरच ती जाणवते. कास्ट व मेल्ट्झर यांनी १९०६च्या सुमारास यावर आक्षेप घेतला : भुलेसाठी टोचलेले कोकेन रक्तात मिसळून आतड्यालाही बधिर करते, मग निरीक्षणावर भिस्त कशी ठेवायची? आर्थर हर्ट्झ (पुढे हर्स्ट) यांनी १९११मध्ये लंडनच्या व्याख्यानांत स्नायुथरावरील ताण हेच खरे उद्दीपन ठरवले. पुढील प्रयोग बहुतांशी हर्ट्झ यांच्या बाजूने गेले. तथापि लेनान्डर यांचे मत सर्वस्वी टाकाऊ नाही. आंत्रपुच्छदाहाची (अपेंडिसायटिस) कळ आधी बेंबीभोवती मोघम येते आणि पर्युदराला सूज पोचल्यावर उजवीकडे खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशी स्थिरावते.

फुग्याने ताण देणे ही त्यामुळे मुख्य पद्धत ठरली. रिची यांच्या १९७३च्या अभ्यासात मोठ्या आतड्यात ६० मिलि. हवा भरल्यावर क्षोभी आतड्याच्या (आयबीएस) ५५% रुग्णांना दुखले. इतरांपैकी फक्त ६% व्यक्तींना. साध्या रबरी फुग्याची अडचण अशी, की रबराला स्वतःचाच ताण असतो, म्हणून आत मोजलेला दाब भित्तीवरचा नसतो. १९८०च्या दशकाच्या मध्यास आस्पिरोस व मालाजेलादा यांनी रूढ केलेल्या बॅरोस्टॅटमध्ये पॉलिथिनची ढिली पिशवी असते. आतडे आकसले की यंत्र हवा काढून घेते, सैलावले की भरते. दाब कायम राहतो. दाब पायरीपायरीने वाढवला तर व्यक्ती पुढची कळ आधीच धरून चालते, म्हणून पायऱ्यांचा क्रम विस्कटतात. वेदना दाबाने होते, भित्तीच्या ताणाने की भित्ती किती लांबली यावरून, हे अजून वादात आहे.

प्राण्यांवरील पद्धतींत नेस व गेभार्ट यांची उंदरांच्या गुदाशय व मोठ्या आतड्यात फुगा फुगवण्याची पद्धत (१९८८) प्रमाण मानतात. फुगे त्याआधीही वापरात होते. पोटाच्या स्नायूंचे आकुंचन विद्युत्-नोंदीने मोजण्याची शिस्त मात्र मुख्यतः त्यांची. औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गांत अधिक परिचित असते ती अ‍ॅसिटिक अम्लाची ‘रायथिंग’ चाचणी : उदरपोकळीत सौम्य अम्ल टोचल्यावर उंदीर पोट आत ओढतो, अंग लांबवतो, मागचे पाय ताणतो, हे किती वेळा घडले ते मोजतात. ही खरे तर पर्युदराची वेदना, आतड्याची नव्हे. शिवाय वेदनाशामक नसलेली औषधेही ही संख्या घटवतात. कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांतही बी.फार्म.चे विद्यार्थी हे प्रयोग आता संगणकावरच पाहतात. प्रत्यक्ष प्राणी वापरायचा तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते.

रासायनिक उद्दीपनांत अन्ननलिकेत अम्ल सोडण्याची बर्नस्टाइन चाचणी (१९५८) जुनी. नंतर मिरचीतील कॅप्सेसिन आले. त्याचा ग्राही (चेतातंतूवरील ज्या प्रथिनाला ते चिकटते ते) १९९७मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटाने शोधला. कॅप्सेसिन आधी आग पेटवते, वारंवार दिल्यास तेच चेतातंतू थंडावतात. इटलीतील एका चाचणीत अपचनाच्या रुग्णांना रोज २.५ ग्रॅम लाल मिरचीची पूड पाच आठवडे दिल्यावर त्रास कमी झाला. तांबड्या रश्शावर वाढलेल्या कोल्हापूरकरांवर असा प्रयोग करायचा तर आहारातील तिखट आधी नोंदावे लागेल, आणि ते सोपे नाही. घरच्या कांदा-लसूण चटणीत संकेश्वरी मिरची किती, रंगापुरती ब्याडगी किती, यावर कॅप्सेसिन बदलते. प्रयोगात म्हणूनच पूड किंवा शुद्ध कॅप्सेसिन तोलून, कॅप्सूलमधून देतात.