लॅम्बडा ते ऑरेलिया: लान्चाच्या दोन गाड्या

बुटांच्या खोक्याचं झाकण काढा, दोन्ही टोकं धरा आणि पिळा. खोका मुकाट पिळला जातो. झाकण लावून तेच करा, तो दाद देत नाही. तुरिनचे मोटार-कारखानदार व्हिन्चेन्झो लान्चा यांच्यापुढे हीच अडचण होती, कारण 1922 साली लोकांसमोर आलेली त्यांची ‘लॅम्बडा’ बिनछपराची होती.

त्या काळी मोटार म्हणजे दोन लांब पोलादी तुळयांची चासी आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी. आपल्याकडचे ट्रक आजही असेच असतात. लान्चांनी तुळयाच काढून टाकल्या. जहाजाचा भार जसा त्याचं अंगच पेलतं, तशी त्यांनी पत्र्याची बॉडीच भार पेलणारी केली. छप्पर नसल्याची कसर उंच बाजूंनी, आसनांमागच्या आडव्या पत्र्याच्या भिंतींनी आणि मधोमध जाणाऱ्या बोगद्याने भरून काढली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट या बोगद्यातून जायचा. माणसं आता शाफ्टच्या वर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना खाली बसू लागली. गाडी चांगलीच ठेंगणी झाली.

मला याहून मोलाची वाटते ती पुढच्या चाकांची रचना. दोन्ही चाकं एका आसाने जोडलेली नव्हती. प्रत्येक चाक आपापल्या उभ्या नळीत स्प्रिंगवर सरकायचं. डावं खड्ड्यात गेलं तरी उजव्याला पत्ता नाही. पण बॉडी ताठ असेल तरच हे साधतं. बॉडीच पिळत असेल तर तीच एक बेभरवशाची स्प्रिंग होऊन बसते आणि बाकीच्या स्प्रिंगांचं गणित कोलमडतं. लान्चांनी ताठ बॉडी आणि सुटी चाकं एकाच गाडीत आणली, यात त्यांची खरी प्रतिभा दिसते.

लान्चा 1937 साली गेले. ‘ऑरेलिया’ आली 1950 मध्ये, अभियंते व्हित्तोरियो यानोंच्या देखरेखीखाली. कारखान्यात नियमित उत्पादन झालेली ही पहिली व्ही-6 इंजिनाची मोटार. सहा सिलिंडर एका रांगेत ठेवले तर इंजिन लांबलचक होतं. तीन-तीनच्या दोन रांगा ‘व्ही’ अक्षरासारख्या केल्या तर ते आखूड होतं, पण थरथरण्याची भीती असते. लान्चाचे अभियंते फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओंनी गणिताने मार्ग काढला. क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, सहा स्फोट व्हायचे. ते समान अंतराने हवेत, म्हणून दर 120 अंशांना एक. दोन रांगांमध्ये 60 अंशांचा कोन ठेवून प्रत्येक पिस्टनला क्रँकवर स्वतंत्र जागा दिली की हे अचूक जमतं.

मग ऑरेलियात क्लच आणि गियरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेले. इंजिन पुढे, गियरबॉक्स मागे, म्हणून वजन दोन्हीकडे विभागलं गेलं. मागचे ब्रेकही चाकात न ठेवता डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरांच्या पेटीला, चिकटवून बसवले. चाकाबरोबर उडणारं वजन जितकं कमी, तितकं ते उंचवट्यावरून लवकर खाली येऊन रस्ता पकडतं.

पुढची चाकं मात्र ऑरेलियातही त्याच उभ्या नळीवर वर-खाली सरकत होती.