बिनपडद्यांच्या बेस गिटारचा आवाज येतो कुठून?

घरात कोणाची गिटार असेल तर एक प्रयोग करून बघा. तिच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीला जसे पडदे, तसे हे गिटारचे पडदे. एखाद्या पडद्याच्या जरा मागे बोट दाबा आणि तार छेडा. स्वर स्वच्छ येतो, बराच वेळ टिकतो. आता बोट तसूभर पुढे सरकवा, इतकं की बोटाचा मऊ भाग थेट पडद्यावरच येईल. पुन्हा छेडा. स्वर जवळपास तोच, पण आवाज बसलेला, तारेवर कोणी रुमाल टाकल्यासारखा.

पडद्यांची बेस गिटार, म्हणजे खर्जातल्या स्वरांची जाड तारांची गिटार, आणि बिनपडद्यांची, म्हणजे फ्रेटलेस, यांच्यातला खरा फरक या दोन आवाजांत दडला आहे, असं माझं मत आहे. लोक सहसा दुसरं कारण सांगतात. पडदे काढले की दोन स्वरांमधल्या जागा मोकळ्या होतात, मींड घेता येते, श्रुती, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागा, लावता येतात. हे खरंच आहे. पण डोळे मिटूनसुद्धा, एकच स्थिर स्वर ऐकून, ‘ही फ्रेटलेस आहे’ असं ओळखता येतं. तिथे मींडही नसते आणि श्रुतीही नसते. मग कान ओळखतो कशावरून?

आधी पडदे आले कसे ते पाहू, कारण मुळात बेस हे वाद्य बिनपडद्यांचंच. व्हायोलिनच्या कुळातला डबल बेस माणसाहून उंच असतो आणि उभं राहून वाजवतात. त्याच्या मानेवर खूण म्हणून काहीही नसतं. सूर हाताच्या सवयीने आणि कानाने लावायचा. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी बेसला आडवं केलं, गळ्यात अडकवता येईल एवढं लहान केलं, विजेवर आणलं आणि मानेवर पडदे ठोकले. नाव दिलं ‘प्रिसिजन बेस’. अचूकतेचं श्रेय पडद्यांना होतं. बोट थोडं मागेपुढे पडलं तरी तारेची लांबी पडदाच ठरवणार. ज्याला साधी गिटार येते त्याला आठवड्याभरात बेस धरता येईल, अशी ही सोय.

पडदे कुठे ठोकायचे याचं गणित मात्र फार जुनं. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट हे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य वाजवणारे संगीतज्ञ होते. १५८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी पडद्यांसाठी १८ला १७ हे प्रमाण सुचवलं. उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडायचा की पुढचा पडदा, परत उरलेल्याचा अठरावा भाग, असं बारा वेळा. आज आपण १८च्या जागी १७.८१७ हा आकडा वापरतो, म्हणजे बाराव्या पडद्याला तार बरोबर अर्धी होते. गॅलिलींच्या मापाने बारावा पडदा किंचित अलीकडे पडतो आणि स्वर थोडा उतरलेला यायला हवा. पण बोट दाबताना तार ताणली जाते आणि स्वर जरासा चढतो, त्यामुळे ही उणीव काही अंशी भरून निघते. हाताने वाद्य वाजवणाऱ्या माणसाने काढलेलं माप आहे ते, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

बेस गिटारची कंप पावणारी तार नेहमीच्या मापात ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. पहिला पडदा टोकापासून ४८.५ मिलिमीटरवर येतो. पुढे अंतरं आकसत जातात आणि अकराव्यापासून बारावा पडदा अवघ्या २५.७ मिलिमीटरवर असतो. अर्ध्या स्वराचे शंभर समान भाग केले तर प्रत्येकाला सेंट म्हणतात. मानेच्या टोकाशी बोट १ मिलिमीटर चुकलं तर सूर साधारण २ सेंटनी हलतो, बाराव्या जागेपाशी ४ सेंटनी. पडद्यांच्या गिटारवर हा मिलिमीटर माफ आहे. फ्रेटलेसवर तो सगळा ऐकू येतो. पुष्कळ फ्रेटलेस गिटारींवर पडद्यांच्या जागी लाकडात नुसत्या रेघा भरलेल्या असतात. पडद्यांवर शिकलेला हात सवयीने रेघेच्या मागे बोट ठेवतो आणि सूर उतरतो. इथे बोट नेमकं रेघेवर हवं.

तरीही नवशिक्याला वाटते तितकी ही भीती खरी नाही, आणि याचं कारण आपल्या कानात आहे. बेसची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते. समजा दोन बेस एकत्र वाजताहेत आणि त्यांतला एक तब्बल २० सेंटनी चढा आहे. मूळ कंपनांमधला फरक सेकंदाला अर्ध्या कंपनाहूनही कमी, म्हणजे दोघांच्या आवाजात होणारा चढउतार एकदा पुरा व्हायला दोन सेकंद लागतील. जलद चालीत स्वर तेवढा टिकतच नाही. पण तारेतून मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघतात. चौपट कंपनांच्या उपस्वरात हाच फरक चौपट वेगाने जाणवतो. म्हणजे बेसचा सूर आपण बऱ्याच अंशी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून जोखतो. आवाज जितका उजळ, तितकी चूक उघडी. मऊ, गोल आवाजात फ्रेटलेस वाजवणारे बरेच काही झाकून नेतात.

श्रुतींच्या युक्तिवादाबद्दल माझी शंका इथूनच सुरू होते. नैसर्गिक गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, पडद्यावरचा ४०० सेंटवर. खर्जाची तार नीट लागलेली असेल तर तंबोऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो हा ३८६चा. फ्रेटलेसवर तो घेता येतो, नाही असं नाही. पण बँडमध्ये बेसवाला बहुतेक वेळ मूळ स्वर आणि पंचम धरून असतो, आणि पंचमात नैसर्गिक व पडद्यावरच्या जागेत फक्त २ सेंटचा फरक आहे. बोटाखाली तो मिलिमीटरभरही भरत नाही. शेजारी कीबोर्ड आणि पडद्यांची गिटार वाजत असताना बेसने एकट्याने नैसर्गिक गांधार धरला तर तोच बेसूर वाटेल.

सुराच्या बाबतीत फ्रेटलेसचं खरं देणं आहे ते स्वर डोलवण्यात, म्हणजे व्हिब्रॅटोत. व्हायोलिनवाल्यासारखं बोट तारेच्या दिशेने मागेपुढे डोलवलं की स्वर चढतो आणि उतरतोही. पडद्यांच्या गिटारवर तार आडवी ओढावी लागते, आणि ताण वाढल्यामुळे स्वर फक्त चढतो. तीच गोष्ट घसिटीची. पडद्यांवरून बोट सरकवलं की पायऱ्या उतरल्यासारखा आवाज येतो, फ्रेटलेसवर उतार लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्थिर स्वर वेगळा का लागतो?

छेडलेल्या तारेतून एक लाट धावते, टोकाला आपटते, परत फिरते. ४१ हर्ट्झच्या तारेवर ही फेरी सेकंदाला ४१ वेळा होते. दर फेरीला प्रत्येक टोकाशी तिची थोडी ऊर्जा खर्ची पडते. पडद्यांच्या गिटारवर एका टोकाला घोडी, म्हणजे तारेला आधार देणारा ब्रिज, असते आणि दुसऱ्या टोकाला पडदा. हा पडदा बहुधा आपण भांड्यांमुळे ओळखतो त्या जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा असतो. कठीण धातूवर लाट जवळजवळ जशीच्या तशी परतते, आणि बोट पडद्याच्या मागे असल्यामुळे लाटेला त्याची फारशी गाठच पडत नाही. फ्रेटलेसवर पडदाच नाही. तार संपते ती बोटाच्या मांसल पेरावर आणि त्याखालच्या लाकडावर. पेर मऊ असतं, ते लाटेतल्या बारीक, जलद हेलकाव्यांना आधी गिळतं. वरचे उपस्वर लवकर विझतात. सुरुवातीच्या प्रयोगात बोट पडद्यावर आणून आपण नेमकं हेच केलं होतं.

आपल्या वाद्यांनी हा प्रश्न कधीचा सोडवलेला आहे. सरोदाला पडदे नसतात, पण वादक तार पेराने न दाबता नखाच्या कडेने दाबतो, आणि खाली गुळगुळीत धातूची पट्टी असते. मांसाऐवजी नख, लाकडाऐवजी धातू, म्हणून बिनपडद्यांच्या सरोदाचा स्वर खणखणीत राहतो. व्हायोलिनवर बोट मऊच असतं, पण गज सतत नवी ऊर्जा पुरवत राहतो. व्हायोलिनची तार गजाऐवजी बोटाने छेडून बघा, टुक् करून आवाज संपतो.

पण फ्रेटलेस बेसचा आवाज नुसता दबलेला नसतो, आणि मला सर्वांत जास्त ओढ आहे ती या भागाची. स्वर आधी बुजल्यासारखा निघतो आणि मग क्षणभराने फुलतो, उजळतो, गुणगुणू लागतो. वादक त्याला ‘म्वाह’ म्हणतात. शब्द मोठ्याने उच्चारून बघा. ओठ मिटलेले असतात, मग हळूहळू उघडतात. आवाजही तसाच उघडतो. बोटाने उपस्वर गिळले असतील तर ते नंतर परत येतात कुठून?

याचं उत्तर ज्याने तंबोरा जवळून ऐकला आहे त्याच्या ओळखीचं आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी हलका उतरता घासलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत जाते, पुन्हा सुटत जाते. मिरजेचे कारागीर हाताने घासून, ऐकून, पुन्हा घासून हा उतार साधतात आणि तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजणारा नाद, लावतात. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या घासण्यातलं कसब आहे. चंद्रशेखर वेंकट रामन कोलकात्यात असताना त्यांनी या घोडीचा अभ्यास केला आणि १९२१ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. साध्या तारेचा नियम असा, की जिथे एखाद्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो नेमकी तिथेच तार छेडली तर तो उपस्वर निघत नाही. तंबोरा हा नियम पाळत नाही, असं रामन यांनी दाखवलं. न निघायला हवेत ते उपस्वरही त्यातून जोरकस ऐकू येतात.

साध्या तारेत प्रत्येक उपस्वर आपापल्या वाट्याची ऊर्जा घेऊन निघतो आणि आपापला विझतो, एकाची ऊर्जा दुसऱ्याला फारशी मिळत नाही. तार एखाद्या पृष्ठभागाला घासून टेकू-सुटू लागली की हा हिशेब मोडतो. मूळ स्वराच्या मोठ्या हेलकाव्यातून ऊर्जा झिरपून वरच्या बारीक उपस्वरांत जाते. फ्रेटलेसवर हेच बोटाच्या टोकाला घडतं. बाराव्या जागेपाशी तार लाकडापासून २ मिलिमीटर वर असेल, तर मानेच्या टोकाकडच्या भागात दाबलेली तार आणि फिंगरबोर्ड, म्हणजे बोटाखालची लाकडी पट्टी, यांच्यातला कोन अर्ध्या अंशाहूनही कमी भरतो. बोटापुढचा काही भाग प्रत्येक हेलकाव्याला लाकडावर झोपतो आणि उठतो. पेराने जे गिळलं ते लाकूड थोडं थोडं परत देत राहतं. पडद्यांच्या गिटारवर तार इतकी खाली आणली तर ती सलग उतारावर टेकत नाही, पुढच्या पडद्याच्या माथ्यावर एका ठिकाणी आपटते आणि खडखडते.

म्हणूनच फ्रेटलेसमध्ये लाकडाचा पृष्ठभाग इतका महत्त्वाचा. १९६१ मध्ये, पुढे रोलिंग स्टोन्स या बँडचे बेसवादक झालेल्या बिल वायमन यांनी एका स्वस्त बेसचे पडदे उपटून काढले, १९६६ मध्ये अँपेग कंपनीने आणि १९७० मध्ये फेंडरने कारखान्यातून फ्रेटलेस आणल्या. पण या आवाजाकडे जगाचे कान वळवले ते अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी. त्यांचा जन्म १९५१चा, प्रिसिजन बेसच्याच वर्षीचा. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वाढलेल्या या माणसाने १९६२ सालच्या, पडदे काढलेल्या जॅझ बेसच्या, म्हणजे फेंडरच्याच दुसऱ्या एका बेसच्या, खाचा भरल्या आणि वर होड्यांना लावतात त्या इपॉक्सी या कठीण होणाऱ्या राळेचा थर चढवला. हेतू होता लाकूड वाचवण्याचा, कारण गोल तारेने गुंडाळलेली खरबरीत बेसतार फिंगरबोर्ड कानसीसारखी कातरते. पण त्या कठीण, चकचकीत थराने आवाजही बदलला. बोट मऊच राहिलं, त्याखालची जमीन मात्र काचेसारखी झाली. घोडीजवळच्या पिकअपने, म्हणजे तारेची कंपनं विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाने, त्यातले उपस्वर नेमके टिपले, कारण तारेच्या टोकाशी मूळ स्वर क्षीण असतो आणि वरचे उपस्वर त्या मानाने ठळक असतात. १९७६च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर हे सगळं ऐकता येतं.

ऐकायला आणखी एक सुचवतो. अमेरिकन गायक पॉल सायमन यांच्या १९८६च्या ‘यू कॅन कॉल मी अल’ या गाण्यात दक्षिण आफ्रिकेच्या बाकिथी कुमालो यांनी फ्रेटलेसवर छोटासा एकल तुकडा वाजवला आहे. त्याचा पहिला अर्धा भाग वाजवलेला आहे आणि दुसरा अर्धा भाग म्हणजे तीच ध्वनिफीत उलटी फिरवलेली. तिथे स्वर आपल्या शेपटीपासून सुरू होऊन आघातावर संपतात.

आणि जवळपास कोणी फ्रेटलेस वाजवणारं असेल तर त्यांना एक विनंती करा. जाडीत दुसऱ्या क्रमांकाची तार मोकळी छेडायला सांगा, मग तोच स्वर सर्वांत जाड तारेवर पाचव्या जागी बोट ठेवून काढायला सांगा. दोन्ही स्वर ५५ हर्ट्झचेच. पडद्यांच्या गिटारवर ते बरेच सारखे वाटतात. इथे मात्र पहिला लख्ख आणि सरळ येईल, कारण ती तार मानेच्या टोकाच्या कठीण पट्टीवर संपते आहे. दुसरा बुजत निघेल, उघडेल आणि बोटाबरोबर किंचित हलत राहील. अनेक फ्रेटलेस वादक चालू सुरावटीत मोकळी तार टाळतात, ते या दोन आवाजांचा सांधा कानाला जाणवतो म्हणून.