कळवा-मुंब्र्याची वीज विकली गेलेली नाही

"महावितरणने कळवा-मुंब्रा टोरंटला विकलं, आता दर तेच ठरवतात," हे 2020 पासून कळवा नाक्यावर ऐकतोय. तसं नाही. त्या वर्षी 1 मार्चला टोरंट ही खासगी वीज कंपनी आली ती फ्रँचायझी म्हणून. परवाना महावितरणचाच. टोरंट तिच्याकडून वीज घेते, घरोघर पोचवते, मीटर वाचते, बिल वसूल करते. युनिटचा दर मात्र राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. बिलावरचा स्थिर आकार, वीज आकार कल्याणच्या नातेवाइकांच्या महावितरणच्या बिलाशी ताडून बघा. ग्राहकवर्ग एकच असेल तर दरही तोच. खासगीकरणावर जरूर भांडा, मीही भांडतो. पण दरवाढीवरची हरकत आयोगाच्या जाहीर सुनावणीत नोंदवा. काउंटरवरच्या पोराच्या हातात दर नाही.