लाकूडही सर्किटमध्ये असतं

एकावर एक रचायचे पाच लाकडी कप्पे. प्रत्येकात एलईडीची पट्टी, आणि वीज तळातून एकदाच दिलेली. कप्पा कप्प्यावर बसला की जोडणी आपोआप व्हावी म्हणून सांध्यात स्प्रिंगवर दबणाऱ्या पिना. चित्रात सगळं जमतं. नमुना बनवून दिवे लावले की तळचा कप्पा लखलखतो आणि सगळ्यात वरचा मिणमिणतो.

दोष बहुतेकदा पट्टीत नसून सांध्यांत असतो. 12 व्होल्टच्या साध्या पट्टीत सहसा तीन पांढरे एलईडी आणि एक रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा भाग) एका साखळीत असतात. एलईडी सुमारे 9 व्होल्ट घेतात, उरलेले 3 रेझिस्टरवर पडतात, आणि प्रवाह किती वाहणार हे त्या 3 व्होल्टवर ठरतं. वाटेतल्या पिनांमध्ये दीड व्होल्ट गळाला तर रेझिस्टरच्या वाट्याला दीडच उरतो. विद्युतदाब आठव्या हिश्शानं घटला, पण प्रवाह जवळजवळ निम्म्यावर आला, आणि त्याबरोबर उजेडही. म्हणून अशा रचनेला मी 24 व्होल्टच निवडेन. तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो आणि सांध्यात वाया जाणारी ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते.

ती वाया गेलेली ऊर्जा सांधा तापवते. एलईडीही तापतो, फक्त समोरून ते जाणवत नाही, कारण त्याची उष्णता पाठीमागून निघते. मागे लाकूड असेल तर ती तिथेच कोंडते. अॅल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटीहून चांगलं उष्णतावाहक आहे; खाचेत त्याचं चॅनल बसवतात ते यासाठी.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा करावा असं म्हणतात, आणि ते खरंच. हात कुठे पोचतो, वायर कुठून वळते, हे एका दुपारीत कळतं. पण तापमानाबद्दल पुठ्ठा काहीच खात्रीचं सांगत नाही. दुसरा नमुना खऱ्या प्लायवूडचाच हवा. तो बंद करून, दिवे पूर्ण तेजावर काही तास ठेवून प्रत्येक सांध्याचं तापमान मोजायला हवं.

मला सर्वांत जास्त गुंतवतो तो फळीखाली लपवलेला टच सेन्सर. बटण दिसत नाही, पातळ फळीवर बोट टेकवलं की दिवा लागतो. बोट जवळ आल्यानं बदलणारी विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, तो मोजतो. पण मधली फळी या मोजमापात सामील असते. एखादा पदार्थ मध्ये आल्यानं धारकता किती पट होते ते सांगणारा आकडा म्हणजे परावैद्युतांक; कोरड्या लाकडाचा तो 2 च्या आसपास, पाण्याचा 80 च्या. हवा दमट झाली, लाकडानं ओल धरली, की सेन्सरचा आकडा सरकतो आणि कोणी हात न लावता दिवा लागू शकतो. नुसती संवेदनशीलता कमी केली तर कोरड्या हवेत खरं बोटही ओळखू येत नाही. उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे: ठरावीक आकड्याशी तुलना न करता, सेन्सरनं आपली आधाररेषा, म्हणजे बोट नसतानाचा आकडा, सतत हळूहळू सरकवत राहायची. ओल तासातासांनी चढते, बोट मात्र क्षणात येतं.