सेरेब्रल पाल्सीत स्पर्श आणि वेदना: उशिरा लक्षात आलेली बाजू

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा होऊन हालचालीत आलेला दोष, असलेलं मूल मुंबईतल्या ओपीडीत आलं की टाच टेकते का, मांड्या एकमेकींवर चढतात का, मूठ उघडते का, हे आधी पाहिलं जातं. त्या हाताला जाणवतं किती, हा प्रश्न बऱ्याचदा फाइलमध्ये येतच नाही. ही सवय दीडशे वर्षांहून जुनी आहे.

१८६१ मध्ये लंडनच्या विल्यम जॉन लिट्ल यांनी अवघड किंवा अकाली प्रसूती आणि मुलांचे ताठर हातपाय यांचा संबंध मांडला. लिट्ल हाडांचे शल्यविशारद होते, त्यामुळे आजाराची पहिली ठळक ओळख आखडलेल्या सांध्यांची झाली. पुढे १९५४ मध्ये टिझार्ड, पेन आणि क्रॉदर्स यांनी अर्धांगाच्या मुलांमधली संवेदना बारकाईने तपासली. हात हलतो, पण डोळे मिटून हातात दिलेली वस्तू ओळखता येत नाही, अशी बरीच मुलं त्यांना आढळली. तरीही १९६४ ची मार्टिन बॅक्स यांची गाजलेली व्याख्या 'हालचाल आणि शरीराची ठेवण यांतला दोष' एवढ्यावरच थांबली. संवेदनेतले बिघाड आंतरराष्ट्रीय व्याख्येत आले २००७ मध्ये.

आपल्याकडे तेही झालेलं नाही. हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ ची, मिठू अलूर यांची स्पास्टिक्स सोसायटी १९७२ ची. म्हणजे मुंबईत या मुलांसाठीचं काम जुनं आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली सेरेब्रल पाल्सीची व्याख्या आजही शरीराची हालचाल आणि स्नायूंचा समन्वय एवढंच बोलते.

मेंदूत काय घडतं ते एमआरआयच्या नव्या तंत्रामुळे दिसू लागलं. स्पर्शाची माहिती जाड, वेगवान तंतूंतून मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर चढते आणि मेंदूच्या बुंध्यात बाजू बदलते. वेदना आणि तापमानाचे संदेश बारीक तंतूंतून येतात, मज्जारज्जूतच बाजू बदलतात आणि वेगळ्या वाटेने जातात. दोन्ही वाटा मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या संदेशांच्या ठाण्याला मिळतात. तिथून निघालेले तंतू मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांजवळून कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, जातात, आणि अकाली जन्मलेल्या बाळात, विशेषतः २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात, याच पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा होते. रिपोर्टवर 'पीव्हीएल' (पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया) लिहिलेलं असतं ते हेच. २००२ मध्ये बाल्टिमोरच्या अलेक्झांडर हून यांच्या गटाने अशा दोन मुलांचे तंतू डिफ्यूजन टेन्सर या तंतूंच्या वाटा दाखवणाऱ्या एमआरआय पद्धतीने पाहिले. हालचालीचा मुख्य मार्ग बराचसा शाबूत होता; थॅलॅमसकडून मागे जाणारे तंतू मात्र स्पष्टपणे विरळ झाले होते. दोनच मुलं होती खरी, पण २००९ मध्ये २८ मुलांच्या पाहणीतही रोख तोच निघाला.

मात्र पीव्हीएल दिसलं म्हणून स्पर्श गेलाच असं धरू नये. जर्मनीतल्या मार्टिन श्टाउड्ट यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की इजा पुरेशी लवकर झाली असेल तर थॅलॅमसचे नंतर वाढणारे तंतू तिला वळसा घालून कॉर्टेक्स गाठू शकतात. म्हणून फिल्मवर भरवसा न ठेवता हात तपासायचा.

वेदना कॉर्टेक्सच्या एकाच पट्ट्यावर अवलंबून नसते. इन्सुला आणि सिंग्युलेट हे भागही तिच्यात सामील असतात. त्यामुळे स्पर्श बोथट झाला तरी वेदना राहते. २०१० मध्ये स्पेनमधल्या रिकेल्मे आणि मोंतोया यांना तर या मुलांमध्ये स्पर्शाची जाण कमी आणि दाबाने होणाऱ्या वेदनेची जाण जास्त आढळली. वारंवारच्या कळा, ऑपरेशनं आणि रोजचं स्ट्रेचिंग यांनी वेदनेची यंत्रणा अधिक हळवी होत जाते, हे त्याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण. 'त्याला फारसं जाणवत नाही' असं म्हणत पाय जोराने ताणणं म्हणूनच चूक आहे. नवजात बाळाला वेदना कळत नाहीत हा समजही १९८७ पर्यंत टिकून होता. इंदूरला वैद्यकीचं शिक्षण घेतलेले कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या अभ्यासाने त्याला मोठा धक्का दिला.

स्पर्श तपासायला महागडं यंत्र लागत नाही. किल्ली, नाणं, चमचा, खोडरबर अशा वस्तूंचे दोन संच घ्यावेत. आधी वस्तू डोळ्यांनी दाखवाव्यात, मग पडद्याआड चांगल्या हातात आणि शेवटी अधू हातात द्याव्यात. बोटं फिरत नसतील तर तपासणाऱ्याने वस्तू बोटांवरून फिरवावी, नाहीतर स्नायूंचा दोष संवेदनेच्या नावावर जमा होतो. बोलता न येणाऱ्या मुलाने दुसऱ्या संचातली वस्तू नजरेने दाखवली तरी चालतं. धातूची वस्तू एकच नको आणि रबराचीही एकच नको. थंडपणावरून ओळखलेली किल्ली स्पर्शाचं काही सांगत नाही.

वेदना मोजणं त्याहून अवघड. १९९७ ची फ्लॅक मोजपट्टी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं यांना प्रत्येकी ० ते २ गुण देते, एकूण १०. पण ताठर पायांना काही दुखत नसतानाही गुण मिळतात, आणि दुखल्यावर गप्प होणारं किंवा हसणारं मूल शून्याजवळ राहतं. २००६ च्या सुधारित आवृत्तीत म्हणून आईवडिलांनी सांगितलेल्या त्या मुलाच्या खास खुणा आधीच लिहून घेतात. बोलून सांगू न शकणाऱ्या मुलांच्या वेदनेसाठीची ३० मुद्द्यांची एनसीसीपीसी-आर यादी दोन तासांच्या निरीक्षणावर भरतात. ७ किंवा अधिक गुण म्हणजे वेदना धरायची. गर्दीच्या ओपीडीत दोन तास कुठून आणायचे? ती यादी घरच्यांनी घरीच भरून आणावी. गुण वाढले तर शौचाला किती दिवस झाले नाही हे आधी विचारावं, मग दात, जेवणानंतरची छातीतली जळजळ, आणि खुब्याचा एक्स-रे. खुबा सरकत असेल तर लंगोट बदलताना मांड्या फाकवल्या की मूल कळवळतं; ती खूण बहुधा आईच्या लक्षात सर्वात आधी आलेली असते.