क्षेत्रघनी की समघनी? पावसाचा नकाशा तालुकावार रंगवू नका

दर पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्याचा तोच नकाशा मोबाईलवर फिरतो. बारा तालुके, निळ्याच्या फिकट-गडद छटा, वर ठळक अक्षरांत 'पर्जन्यमान'. दिसायला देखणा, पण पद्धत साफ चुकलेली.

अशा नकाशांच्या तीन पद्धती: टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी. टिंब पद्धत, म्हणजे ठरावीक संख्येमागे एक टिंब, सगळ्यांना येते, ती सोडून देऊ. क्षेत्रघनीही ओळखीची आहे: प्रत्येक तालुक्याला एक आकडा आणि त्या आकड्याप्रमाणे छटा. १८२६ मध्ये फ्रेंच गणिती शार्ल द्यूपँ यांनी फ्रान्समधल्या शिक्षणप्रसाराचा नकाशा याच रीतीने केला होता.

घोळ होतो समघनीशी. रंग भरला की दोन्ही नकाशे लांबून सारखेच वाटतात. म्हणून दोन छटांच्या मधली रेषा बघा. क्षेत्रघनीत ती महसुली हद्द असते, आकडे यायच्या आधीच ठरलेली. समघनीत ती आकड्यांतूनच निघते: जागोजागच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी नकाशावर मांडायच्या, मधल्या मूल्यांचा अंदाज काढायचा आणि समान मूल्यं जोडत जायची. जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांनी १८१७ मध्ये समताप रेषा, म्हणजे समान तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, आखल्या त्या अशाच.

आता शाहूवाडी तालुका घ्या. रत्नागिरी रस्त्यावरचं आंबा घाटमाथ्यावर आणि त्याच रस्त्यावरचं बांबवडे बरंच पूर्वेला. दोन्हीकडच्या पावसात केवढा फरक आहे, हे त्या रस्त्याने जुलैत गेलेल्या कुणालाही विचारा. तालुकावार नकाशात मात्र दोन्ही गावं एकाच निळ्यात बुडतात आणि पन्हाळ्याची हद्द लागली की पाऊस एकदम उतरतो. प्रत्यक्षात तो घाटमाथ्यापासून पूर्वेकडे कमी कमी होत जातो. गगनबावड्याकडे वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर आणि शिरोळकडे ६०० च्या आसपास, ही उतरण समघनीत डोळ्यांना दिसते. पश्चिमेला रेषा दाटतात, पूर्वेला विरळ होतात. रेषा जिथे दाट, तिथे बदल झपाट्याचा. ही माहिती क्षेत्रघनीतून मिळतच नाही.

उलटी चूकही मी तितक्याच वेळा पाहतो. साक्षरतेच्या तालुकावार टक्केवारीवरून कुणी वळणदार रेषा काढतं. करवीर आणि पन्हाळ्याच्या मधून जाणाऱ्या त्या रेषेवर कुणाचीही मोजणी झालेली नसते. माणसं मोजली ती तालुक्याच्या हद्दीत, टक्का निघाला तोही त्या हद्दीचा. तिथे क्षेत्रघनीच हवी. पण तिच्यात प्रमाण किंवा घनता दाखवा, नुसती बेरीज नको. इचलकरंजी पोटात असलेला हातकणंगले आणि चिमुकला गगनबावडा यांची एकूण लोकसंख्या रंगवून काय कळणार? ती आकड्याच्या प्रमाणात लहान-मोठ्या वर्तुळांनी दाखवावी. आणि इंद्रधनुष्यी रंग कृपा करून टाळा. एकाच रंगाच्या छटा पुरतात, कमी-जास्त चटकन कळतं.

प्रत्येक पर्जन्यमापकाच्या नोंदी हाताशी नसतील, फक्त तालुक्यांच्या सरासऱ्याच असतील, तर त्या बारा बिंदूंवरून रेषा ओढू नका. तालुक्याच्या नावाखाली आकडा लिहा आणि शेजारी 'तालुका सरासरी' एवढं नोंदवा.